काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कपाट : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

बैठकीत एकदाचं ठरलं. एरिनात (गावच्या आइस हॉकीच्या इमारतीत) शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट आहे. दोन काळवंडलेले चषक आणि कोणाचातरी विसरलेला हातमोजा त्यात वर्षानुवर्षं पडून आहे. ते रिकामं करून काकांच्या आठवणींना द्यायचं. सोबत एक छोटी पुस्तिका. उद्घाटन फेब्रुवारीच्या मध्यावर, फॅमिली डेच्या सुट्टीतल्या स्पर्धेत. त्या दिवसांत अख्खं गाव एरिनातच असतं.

काका म्हणजे आमच्या गावचे आइस हॉकीचे रेफरी. गाव हॅमिल्टनच्या जवळ, ऑन्टारियोत. १९७४ च्या हिवाळ्यात त्यांनी पट्ट्यांचा शर्ट अंगावर चढवला तो २०२३ पर्यंत उतरवला नाही. पोटासाठी पोलादाच्या कारखान्यातल्या पाळ्या, बाकीचा वेळ मुलांच्या हॉकीला. व्यावसायिक लीगचं दारही त्यांनी कधी पाहिलं नाही. एका सामन्याच्या मानधनात पेट्रोल आणि कॉफी निघायची, लांबचा सामना असला तर तेही नाही. या जुलैत ते गेले.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलीने सांगितलंय, "गावाला ठाऊक आहे, बाहेर कशाला?" कपाटावर नाव असेलच. या नोंदींपुरते ते काका. माझी लेक त्यांना तोंडावर काकाच म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

वाचनालयात स्थानिक इतिहासाची खोली माझ्याकडे असते, म्हणून साहित्य जमवणं आणि मजकूर लिहिणं माझ्या गळ्यात. जुने कागद टाइमकीपर आजींकडे. काकांबरोबर वर्षानुवर्षं लाइन्समन (सहायक पंच) म्हणून उभे राहिलेले एक गृहस्थ आठवणी गोळा करणार. अध्यक्ष पैशांचं बघणार आणि सूचना करणार.

१३ ऑक्टोबर

फोटो नाहीत. म्हणजे गावात हॉकीचे फोटो ढिगाने आहेत, पण त्यात काका नाहीत. संघाच्या फोटोत खेळाडू, प्रशिक्षक, मॅनेजर, पाणी देणारा पोरगा, सगळे असतात. रेफरी कसा असेल? तो कोणत्याच संघाचा नाही. सामना चालू असतानाच्या फोटोंत ते आहेत, पण कडेला कापलेले. एकात गुडघ्यापासून खाली. एकात नुसती पट्ट्यांची बाही आणि नारिंगी दंडपट्टी. चेहरा दिसतो असे दोन निघाले, दोन्हींत ते पाठ वळवायच्या बेतात आहेत.

स्थानिक वर्तमानपत्राच्या मायक्रोफिल्मवर तेच. गोल कोणी केला, पास कोणी दिला, पेनल्टी कोणाला, सगळं छापलंय. पंचाचं नाव नाही. क्रिकेटच्या धावफलकाखाली पंचांची नावं छापतात, निदान एवढी पद्धत इथे हवी होती.

राहिली ती गेमशीट, सामन्याच्या नोंदीचा कागद. तिच्यावर तळाला रेफरी आणि लाइन्समन यांच्या सह्या असतातच. आजी म्हणाल्या, "तळघरात खोकी आहेत माझ्या. फेकू फेकू म्हणत राहिली."

२० ऑक्टोबर

खोकी उतरवली. १९८१ ते २००९. कार्बनच्या प्रती, काहींची शाई उडून नुसता दाब उरलाय. टॉर्च तिरका धरला की सही दिसते.

सुरुवातीची सही पूर्ण नावाची, शाळेत घोटवून घेतल्यासारखी. नव्वदच्या पुढे पहिलं अक्षर आणि एक फराटा. आजींचं म्हणणं, बोटं गारठलेली असताना लिहिलंय हे लक्षात घे.

तरुण वाचकांसाठी तळटीप लागणार. जुन्या शीटवर पीवी, बॅन्टम, मिजेट असे वयोगट आहेत. देशातली हॉकी चालवणाऱ्या हॉकी कॅनडाने २०२० पासून ही नावं काढली आणि अंडर-१३, अंडर-१५, अंडर-१८ अशी सरळ वयावरून ठेवली. आताच्या पोरांना पीवी म्हणजे काय ते कळत नाही.

शीट वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. काकांच्या सामन्यांत पहिल्या पाच मिनिटांत हमखास एक पेनल्टी आहे. बहुतेक वेळा ट्रिपिंग (पाय अडकवणं) नाहीतर हुकिंग (काठी अडकवून ओढणं), दोन मिनिटं बाहेर बसवणारी साधी. त्यानंतर बराच वेळ शांत. लाइन्समनना फोन केला. ते हसले. "पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे की आज काय चालेल आणि काय नाही. मग पोरं आपली आपण खेळतात." हे पुस्तिकेत जाणार.

२७ ऑक्टोबर

मुलगी काकांची बॅग घेऊन आली. मी वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि एकेक वस्तू मांडून टिपत गेले.

स्केट्स, काळे, घोट्याशी चामडं फाटलेलं आणि जाड दोऱ्याने घरीच शिवलेलं. पुढच्या टोकावर पांढरे ओरखडे; ते काठ्यांचे. हेल्मेट, अर्ध्या व्हायझरचं. काळ्या पँटच्या आत घालायचे नडगीचे संरक्षक, खेळाडूंपेक्षा पातळ. नारिंगी दंडपट्ट्यांच्या दोन जोड्या. मोजायची टेप (गोलीचे, म्हणजे गोलरक्षकाचे, पॅड नियमापेक्षा रुंद आहेत का ते पाहायला, असं मुलगी म्हणाली). स्क्रू-ड्रायव्हर. बुटांच्या नाड्या, तीन लांबीच्या, रबर लावून बांधलेल्या. यातली एकही त्यांच्या स्केट्सच्या मापाची नाही. सगळी पोरांसाठी. सहा वर्षांच्या खेळाडूची नाडी तुटली की सामना थांबतो आणि पोरगं रडतं, म्हणून.

शिट्ट्या चार. एक जुनी पितळी, आत गोळी असलेली, बोटांत अडकवायच्या कडीला वैद्यकीय चिकटपट्टी गुंडाळलेली. हॉकीचा रेफरी शिट्टी गळ्यात घालत नाही, बोटांत अडकवतो. हात वर जाता जाता ओठांशी आली पाहिजे. धातूची शिट्टी कडाक्याच्या थंडीत ओठाला चिकटते, म्हणून ती उघड्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) नकोशी. बाकीच्या तीन प्लास्टिकच्या, फॉक्स ४०.

ही शिट्टी आमच्या हॅमिल्टनचीच. रॉन फॉक्सक्रॉफ्ट हा बास्केटबॉलचा पंच. १९८४ मध्ये ब्राझीलमध्ये ऑलिंपिकपूर्व सामन्यात ऐन वेळी त्याच्या शिट्टीतली गोळी अडकली, आवाजच निघाला नाही, आणि प्रेक्षक खवळले. परत येऊन त्याने डिझायनर चक शेपर्डला गाठलं आणि गोळीच नसलेली शिट्टी करून घेतली. १९८७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ती वाजली आणि मग जगभर गेली. आता जिथे तिथे तीच. मुलगी सांगते, बाबांनी पहिली फॉक्स घेतली तेव्हा घरात वाजवून दाखवली आणि कुत्रं दोन दिवस पलंगाखाली बसलं.

बॅगेच्या बाजूच्या खिशात नियमपुस्तकं. खिशात मावणारी, प्रत्येक नवी आवृत्ती. समासात पेन्सिल. वाचायला वेळ लागणार.

३ नोव्हेंबर

काम नाही. दिवाळी. आजींना चिवडा आणि चकल्या दिल्या. चकलीबद्दल त्या म्हणाल्या, पक (हॉकीची रबरी चकती) यापेक्षा मऊ असतो. (भाजणी इथल्या मिक्सरवर दळली की असंच होतं.)

१० नोव्हेंबर

लेकीला घेऊन टोरांटोला, हॉकी हॉल ऑफ फेममध्ये. यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावरची बँक ऑफ माँट्रियलची १८८५ ची जुनी इमारत, १९९३ पासून तिथे हे संग्रहालय. स्टॅन्ली चषकापुढे रांग होती. सन्मानित रेफरींपुढे आम्ही दोघीच, त्यामुळे निवांत पाहता आलं.

फ्रेड वॅघॉर्न. १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये जन्म, आयुष्य ऑन्टारियोत, १९५६ मध्ये मृत्यू, १९६१ मध्ये हॉलमध्ये समावेश. हॉकीचे दोन हजारांवर सामने आणि शिवाय लॅक्रॉसचे कितीतरी. त्याच्या आधी फेस-ऑफला (म्हणजे खेळ सुरू करताना) पक बर्फावर ठेवायचा, दोन्ही खेळाडूंच्या काठ्या नीट लावून द्यायच्या आणि मग पळायचं. तेवढ्यात रेफरीच्या नडगीवर आणि बोटांवर दणके बसायचे. वॅघॉर्नने खेळाडूंना अंतरावर उभं केलं आणि वरून पक टाकला. आज जगात सगळीकडे फेस-ऑफ असाच होतो. आर्नप्रायरच्या सामन्याची गोष्ट तर लेकीला फारच आवडली. त्या काळी पक दोन तुकडे चिकटवून करत. एक फटका बसला आणि पक दुभंगला. अर्धा जाळ्यात, अर्धा बाहेर. वॅघॉर्न म्हणाला गोल नाही, कारण नियमात पकचं जे माप दिलंय ते या अर्ध्याचं नाही, म्हणजे आत गेलं तो पकच नव्हे. वाद घालायला जागाच ठेवली नाही. पुढे अखंड रबराचे पक आले.

बिल चॅडविक दुसरा. तरुणपणी पक लागून त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. तशात तो एनएचएल या बड्या व्यावसायिक लीगचा रेफरी झाला आणि १९५५ पर्यंत राहिला. प्रेक्षक "आंधळा आहेस का" म्हणून ओरडत, ते निम्मं खरं होतं. आवाजात काही ऐकू जाईना म्हणून त्याने हातांच्या खुणा सुरू केल्या. हाताने गुडघ्याखाली चापट म्हणजे ट्रिपिंग, दोन्ही हातांनी पोटाकडे ओढल्यासारखं म्हणजे हुकिंग, मनगट पकडलं म्हणजे होल्डिंग (दुसऱ्याला धरून ठेवणं). लीगने त्या अधिकृत केल्या तोवर तो निवृत्त झाला होता.

परतताना गाडीत ठरवलं: कपाटात इतिहासाची एकच पाटी. काका टाकायचे तो पक कोणाचा, काका करायचे त्या खुणा कोणाच्या, आणि पट्ट्यांचा शर्ट एनएचएलमध्ये १९५५ च्या डिसेंबरात आला, एवढंच. गावातला माणूस हॉलमधल्या नावांखाली दबता कामा नये.

२३ नोव्हेंबर

लाइन्समनची मुलाखत. रिंकच्या वरच्या गॅलरीत बसलो, खाली अंडर-११ चा सराव चालू होता, त्यामुळे ध्वनिमुद्रणात ठोके फार आलेत. तरी वापरण्यासारखं बरंच आहे.

त्यांनी कामाचं स्वरूप नीट समजावलं. तीन जणांच्या पद्धतीत एक रेफरी, दोन लाइन्समन. ऑफसाइड (पकच्या आधी रेषेच्या आत शिरणं) आणि आइसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाला मारणं) लाइन्समनचं, बहुतेक फेस-ऑफही त्यांचे, आणि मारामारी सोडवणंही. पेनल्टी आणि गोल रेफरीचे. लहान मुलांच्या सामन्यांना दोघंच असतात आणि दोघांनी सगळं करायचं. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. खेळाडू पाळीपाळीने मिनिटभराने बाकावर जाऊन बसतात. रेफरीला बाक नाही.

"त्याचे पाय वेगवान नव्हते," ते म्हणाले. "तो कधी चांगला खेळाडू नव्हताच. पण पक कुठे जाणार ते त्याला आधी कळायचं, म्हणून तो आधी निघायचा." मग त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. २०११ चा, कोणा आईने काढलेला, अर्थात स्वतःच्या मुलाचा. पक बोर्डाच्या (रिंकभोवतीच्या कठड्याच्या) कडेकडेने सुसाट येतोय, मागे तीन पोरं, आणि मध्ये काका. काका साठीचे. ते मागे न बघता काचेच्या वरच्या कडेला हात टाकतात, स्वतःला वर उचलून घेतात, दोन्ही पाय बोर्डावरून लोंबकळतात, पक आणि पोरं खालून निघून जातात, आणि काका उतरून पुढे चालू. दोन सेकंदांचं काम. त्या आईने ते बघितलंही नसेल. मी तो तुकडा चारदा लावायला लावला. कपाटात छोटा पडदा बसवायचा आणि हा व्हिडिओ सतत फिरता ठेवायचा. अध्यक्षांकडून पैसे काढावे लागतील.

पाळ्यांबद्दलही बोलले. रात्रपाळी सकाळी सातला सुटायची, आठचा सामना असायचा. काका कपडे बदलायच्या खोलीत बसूनच डबा खायचे. बायको कुरकुरायची नाही का? "कुरकुरायची की. पण त्याला घरी ठेवला तर तो काय करणार, हेही तिला माहीत होतं."

८ डिसेंबर

ज्याच्याबद्दल सगळे सांगत होते तो भेटला. प्लंबर आहे, चाळिशी ओलांडलेला. फोनवर त्याचं पहिलंच वाक्य, "मी चांगलं बोलणार नाही, चालेल?" चालेल म्हटलं.

मार्च १९९६, बॅन्टमची अंतिम लढत, शेजारच्या गावाविरुद्ध. ३-३. तिसऱ्या सत्राची शेवटची काही मिनिटं. गोलच्या तोंडाशी गर्दी झाली, गोली पडला, पक त्याच्या पॅडखाली. हा त्याच्यावर काठी घालत होता, पक सुटला, रेषेपार गेला. पोरांनी हात वर केले. काकांनी दोन्ही हात आडवे फिरवले: गोल नाही. शिट्टी आधी झाली होती. किंवा, नियमाच्या भाषेत, शिट्टी वाजवायचं त्यांनी आधी ठरवलं होतं. पक रेफरीच्या नजरेआड झाला की खेळ थांबवायचा, आणि खेळ थांबतो तो थांबवायचं ठरलं त्या क्षणी, आवाज नंतर पोचतो. जादा वेळेत शेजाऱ्यांनी गोल केला. गेमशीट माझ्यासमोर आहे: ४-३, आमच्या प्रशिक्षकाच्या नावावर बेंच पेनल्टी, तळाला तो फराटा.

"पक थांबलाच नव्हता," प्लंबर म्हणाला. "मला दिसत होता. सगळ्यांना दिसत होता. फक्त त्याला नाही, कारण तो चुकीच्या बाजूला उभा होता." अठ्ठावीस वर्षांनी त्याचा आवाज चढला. मग स्वतःच म्हणाला, त्यानंतर कित्येक वर्षं आपण त्यांच्याशी बोललो नाही. आणि स्वतःच्या मुलाचा पहिला सामना होता तेव्हा रेफरी म्हणून काका उभे होते, आणि त्यांनी मुलाच्या स्केटची नाडी बांधून दिली. "तरीही तो गोल होता. हे लिही. बाकीचं नको लिहूस."

शेजारच्या गावचा तेव्हाचा गोलीही शोधला. त्याला फोन केला. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, पॅडखाली काहीतरी सरकतंय हे मला जाणवत होतं, पण मी कशाला सांगू?

१५ डिसेंबर

बैठकीत खडाजंगी. मी मसुद्यात १९९६ चा गोल घातला, प्लंबरच्या शब्दांत. अध्यक्ष म्हणाले, श्रद्धांजलीत वाद कशाला, माणूस गेलाय. आजी म्हणाल्या, मेल्यावर तरी ऐकून घेऊ देत. लाइन्समन गप्प.

माझं मत मी मांडलं. या गावात काकांची जी आठवण आहे ती निर्णयांची आहे, आणि लोकांना जे निर्णय आठवतात ते न पटलेले. ते गाळले तर उरतो तो एक प्रेमळ म्हातारा, नाड्या बांधून देणारा. असे पुष्कळ असतात. काका पन्नास वर्षं तिथे उभे राहून लोकांना नको ते सांगत होते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच लोकांसमोर येत होते. कारखान्यात, दुकानात, चर्चमध्ये तीच माणसं. बाहेरगावचा रेफरी निर्णय देऊन गाडीत बसून निघून जातो. काकांना राहायचं इथेच होतं.

शेवटी मुलीला विचारायचं ठरलं. तिने एका ओळीत उत्तर पाठवलं: "घाला. ते स्वतःही जेवताना त्यावर वाद घालायचे."

याच आठवड्यात नियमपुस्तकं वाचून झाली. त्या काळच्या आवृत्तीत, पक नजरेआड गेल्यास काय करावं त्या कलमाशेजारी, पेन्सिलीने तीनच शब्द आहेत: मी कुठे होतो? लाइन्समन म्हणाले, ही त्याच रात्रीची नोंद, त्या हंगामानंतर तो गोलच्या तोंडाशी गर्दी झाली की गोलरेषेच्या कितीतरी जवळ येऊन उभा राहायला लागला. मुलगी म्हणते, हे वाक्य त्यांचं नेहमीचंच होतं, किल्ल्या हरवल्या तरी म्हणायचे. खरंच, दुसऱ्या दोन पुस्तकांतही तेच शब्द वेगळ्या कलमांशी सापडले. तारीख कुठेच नाही. मोह फार झाला, पण १९९६ च्या पाटीवर ते लावणार नाही. पुस्तक उघडं ठेवू, पान दिसेल, ज्याला जे जोडायचं ते जोडेल.

५ जानेवारी २०२५

लेकीची आठवण तिच्याच शब्दांत लिहून घेतली. ती चौदाव्या वर्षी लाइन्समन झाली (मुलींनाही इथे तोंडी लाइन्समनच म्हणतात), काकांमुळेच. पहिल्या सामन्यात तिने ऑफसाइड दिला आणि बोर्डापलीकडून एक बाप्या तिच्यावर जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. काका सावकाश स्केट करत काचेपाशी गेले, त्या माणसाकडे पाहत उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. तो बसेपर्यंत पक टाकला नाही. मग सामन्यानंतर लेकीला विचारलं, "दोन्ही स्केट्स रेषेच्या आत होते का, पक यायच्या आधी?" ती हो म्हणाली. "मग संपलं."

रंगावरून, देशावरून बोललेल्या शिव्यांचं वेगळं. त्यासाठी २०२१ पासून हॉकी कॅनडाच्या नियमपुस्तकात स्वतंत्र कडक कलम आहे. आमच्यासारख्यांच्या मुलांना ते कलम किती लागतं हे वेगळं सांगायला नको. काका असा प्रसंग झाला की अहवाल त्याच रात्री लिहायचे, शब्द न् शब्द, शिवी जशीच्या तशी. सौम्य करून लिहिली तर समितीला ती सौम्यच वाटते, असं त्यांचं म्हणणं.

आता काही प्रांतांत अठरा वर्षांखालच्या पंचांना हिरवी दंडपट्टी देतात. ओरडणाऱ्याला समजावं, समोर पोर आहे. चांगलंच आहे. मात्र शिकून आलेली कितीतरी पोरं हंगाम-दोन हंगामांत सोडून जातात ती शिव्यांमुळेच, आणि पट्टी बघून गप्प बसणारा माणूस पट्टी नसलेल्यावर दुप्पट ओरडतो की काय, ही मला शंका आहे.

१९ जानेवारी

कंटाळवाणं पण गरजेचं. एरिनाचा दर्शनी भाग म्हणजे जुन्या कागदांचा शत्रू: दार उघडलं की उणे पंधराची हवा, मिटलं की हीटर आणि ओले बूट. काचेला आतून दव धरतं. मूळ गेमशीट आणि नियमपुस्तकं तिथे ठेवायची नाहीत. चांगल्या स्कॅन प्रती ठेवायच्या, मूळ कागद वाचनालयात. पेन्सिलीच्या पानाची प्रत चौथ्या वेळी जमली, कारण स्कॅनर फिकट पेन्सिल पांढरी करून टाकतो. सिलिका जेलच्या पिशव्या तळाच्या फळीखाली. दिवे एलईडी. स्केट्स मूळचेच, त्यांना दवाची सवय आहे.

पाट्या प्रत्येकी साठ शब्दांच्या आत. हातात कॉफी घेऊन उभा असलेला माणूस यापुढे वाचत नाही.

१ फेब्रुवारी

मांडणी. बर्फ साफ करणाऱ्या यंत्राचा चालक मदतीला आला. आमचं यंत्र एल्मायराला बनलेलं ऑलिंपिया आहे, पण सगळे त्याला झांबोनीच म्हणतात, तोसुद्धा. त्याने सुचवलं, नाड्यांचा जुडगा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. लावला. वरच्या फळीवर शर्ट, मधे शिट्ट्या आणि नियमपुस्तक, डावीकडे १९९६, उजवीकडे पडदा. कापलेले फोटो कापलेलेच लावले, मोठे करून, एका ओळीत: पाय, बाही, पाठ, अर्धा खांदा. अध्यक्षांना विचित्र वाटलं. आजींना पटलं, आणि त्यांच्यापुढे अध्यक्षांचं चालत नाही.

१५ फेब्रुवारी

उद्घाटन. बाहेर बर्फ कोसळत होता, बाहेरगावचे काही संघ पोचलेच नाहीत, वेळापत्रक कोलमडलं. त्याचा फायदा असा झाला की लोकांना दुसरं काही करायला नव्हतं आणि त्यांनी कपाट नीट वाचलं.

पडद्यापुढे मुलांचा घोळका. काका वर उचलले जातात तेव्हा दर वेळी आरोळी. १९९६ च्या पाटीपुढे मोठी माणसं. तिथे दोन बाप गोल होता की नव्हता यावर भांडले. त्यातला एक त्या वर्षी जन्मलाही नव्हता. प्लंबर आला, स्वतःचं वाक्य वाचलं, स्वल्पविराम चुकलाय म्हणाला. खरंच चुकला होता का ते बघायला मी गेले तर त्याने डोळा मारला.

काकांची मुलगी शेवटपर्यंत थांबली. भाषण नको म्हणाली होती, म्हणून भाषण झालं नाही. त्या संध्याकाळच्या सामन्याला लेक लाइन्समन होती, तिला जायची घाई.

२ मार्च

उरलेली कामं. पुस्तिका संपली, दुसरी छपाई हवी. त्यात शेजारच्या गावच्या गोलीचं म्हणणंही घालायचं, तो आता परवानगी देतोय. ध्वनिमुद्रणं वाचनालयाच्या संग्रहात नोंदवायची. सिलिका जेल महिन्याने बदलायचं, जबाबदारी झांबोनीवाल्याची. कपाटाशेजारच्या पेटीत जमलेल्या पैशांतून सप्टेंबरच्या वर्गाला जाणाऱ्या नव्या पंचांची फी आणि एकेक शिट्टी; नावं आजींकडे द्यायची. नाड्या कपाटात पुरे आहेत, पण कपडे बदलायच्या खोलीत आता कोणी ठेवत नाही, तिथे एक डबा ठेवायला लाइन्समनना सांगितलंय.